तीन वाजताचा गवती चहा

बाई, मी पास झाले. शाळेची पायरी न चढलेली मी, सत्तरी ओलांडल्यावर परीक्षेला बसले आणि पास झाले. सकाळपासून माझा पाय जमिनीवर ठरत नाही. घरात सांगायला माणसं आहेत, पण पहिली आठवण तुमची झाली. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, म्हणून काय झालं? जिवंत माणसं तरी कुठे धड ऐकतात. समोर नात बसली आहे, मांडीवर तिचा तो घडीचा कॉम्प्युटर, आणि मी बोलते तसं ती लिहिते आहे. मघाशी विचारत होती, "आजी, वरती 'प्रिय' घालू की 'तीर्थरूप'?" मी म्हटलं, "नुसतं बाई लिही. तेवढ्यावर त्या वळून बघायच्या." तेव्हा बघा वळून. आणि मध्ये मध्ये ही हसली तर तेही लिहायला सांगितलंय, म्हणजे तुम्हाला कळेल कुठल्या ओळीला कोण दात काढत होतं.

ही विचारते, बाई म्हणजे कोण. तर लिही. घाटकोपरला एका गाळ्यात केसांचं सुवासिक तेल बनायचं. आम्ही दहा-बारा बायका तेलात सेंट मिसळायचो, बाटल्या भरायचो, बुचं ठोकायचो. आमच्यावर ह्या बाई. नऊवारी नाही, पाचवारीच, पण पदर असा खोचलेला की शेठसुद्धा त्यांच्याशी बोलताना आधी सदरा सारखा करायचा. सातवी शिकलेल्या. डबा खाताना पेपर मोठ्याने वाचून दाखवायच्या, अगदी खालच्या बारीक जाहिरातींसकट, कुठल्या चाळीत खोली भाड्याने आहे ते आम्हाला आमच्या नवऱ्यांच्या आधी माहीत. आणि बाई, राग येऊ नये, पण तुमचं नाक जरा मोठंच होतं. आम्ही मागे म्हणायचो, देवाने तोंड करायला घेतलं आणि माती नाकातच संपवली. त्या नाकाखाली मी तेरा वर्षं काम केलं.

आता परीक्षेचं सांगते, पण त्याच्या आधी नाक कसं गेलं ते सांगायला हवं. गेल्या दिवाळीत मला ताप आला. चार दिवसांनी ताप गेला तो जाताना माझं नाक घेऊन गेला. कपाळावर बाम चोळला तर नुसतं गार लागतंय, वास नाही. तळलेला बांगडा पुढ्यात, आणि मला वाटतंय पुठ्ठा खातेय. मी म्हटलं, जाऊ दे, म्हातारपणात एकेक जातंच. दात गेले, गुडघे गेले, आता नाक. पण बाई, नुसतं नाक गेलं नव्हतं. मला तोवर कळलंच नव्हतं की मी अख्खा संसार नाकाने लक्षात ठेवत होते. वाचता येणारी माणसं डब्याला चिठ्ठी लावतात. मी झाकण उघडून हुंगायचे. बेसन कुठलं आणि तांदळाचं पीठ कुठलं, तेल जुनं की नवं, मधल्या मजल्यावर लिफ्ट थांबली तर तो कुणाचा मजला, सगळं नाक सांगायचं. शेजारच्या गुजरातणीकडे हिंगाची फोडणी पडली की साडेदहा वाजले. खालच्या घरातून खोबरेल आणि ओल्या केसांचा वास आला की पोरी शाळेला निघाल्या. ते सगळं एका तापात बंद झालं आणि माझा दिवस पांढरा फटक पडला. कुठे लक्ष लागेना. समोर कुणी बोलतंय आणि माझं मन भिंतीवर. पिठल्यात तांदळाचं पीठ घातलं. भाजीला दोनदा मीठ. सुनेला हाक मारायची तर तोंडात माझ्या मेलेल्या नणंदेचं नाव. सून चांगली आहे हो, म्हणून नणंदेचं नाव तिला जास्तच लागलं.

आणि मग गॅस. एका सकाळी मी चहाचं भांडं ठेवलं, बटण फिरवलं आणि पेटवायचंच विसरले. तिथेच ओट्याशी उभी राहून मेथी निवडते आहे. गॅस सुटतोय, मी पानं खुडतेय. सून ऑफिसला निघाली होती, चपलेचा पट्टा लावायला दाराशी वाकली म्हणून तिला वास आला. धावत आली, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, आणि मग पुन्हा पुन्हा बटण चाचपत राहिली. मी अजून मेथीच खुडतेय. मला काही कळलंच नव्हतं ना. त्या दिवसापासून ती निघताना गॅसचा मोठा कॉक बंद करून जायची आणि माझा चहा थर्मासमध्ये. "आई, तुमच्यासाठीच करते," म्हणाली. तिचं बरोबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. थर्मासमधला चहा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नाही बाई, तुम्ही सुखाने गेलात.

मग मुलाने मला इथे मुलुंडलाच, घराजवळ, मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण. वयाने माझ्या मुलापेक्षा लहान, टेबलावर कागद. आज वार कुठला, कितवा मजला. तीन शब्द सांगितले, म्हणाल्या लक्षात ठेवा, पाच मिनिटांनी विचारीन. पाच मिनिटांनी विचारले तर माझ्या डोक्यात नुसता वारा. ते तीन शब्द कुठले होते ते मला अजून आठवलेले नाहीत. शेवटी कागद माझ्याकडे सरकवला, "एक वाक्य लिहा, मनाला येईल ते." मी माझ्या मुलाकडे बघितलं. मुलगा मोठा साहेब आहे, त्याने जमिनीकडे बघितलं. मी म्हटलं, "चष्मा विसरले." हे वाक्य मला चांगलं पाठ आहे. बँकेत, रेशनच्या दुकानात, पोरांच्या शाळेत, सगळीकडे हेच चालवलंय. डॉक्टरणीने मान डोलावली आणि तिथे शून्य घातलं. घरी येताना मुलगा रिक्षात म्हणाला, "आई, दिवसभर सोबतीला कुणीतरी बाई ठेवू या. तुझ्यावर लक्ष ठेवायला." ज्या बाईने एका वेळी सेंटचे पाच कॅन सांभाळले तिच्यावर लक्ष ठेवायला बाई. डॉक्टरणीने पुढची तारीख दिली होती सहा महिन्यांची. मुलगा म्हणाला, तोपर्यंत बघू, नाहीतर ठेवूच. म्हणजे माझ्याकडे सहा महिने होते, आणि नाक नव्हतं.

तेव्हा मला तुमचा डबा आठवला. पण थांबा, ही नात खुणावते आहे की गाळ्यातलं आधी सांग, नाहीतर डब्याचं काही कळायचं नाही. माझ्या पत्रात हिचीच मुकादमी.

माझा पहिला दिवस. ह्यांची गिरणी बंद पडून वर्ष झालेलं. शेजारणीने बजावून पाठवलं होतं, शिकलेली आहेस असं सांग, नाहीतर बाटल्या धुवायला बसवतील आणि कॅनला हात लावू देणार नाहीत. तुम्ही विचारलंत, "शाळा किती?" मी म्हटलं, "चौथी." असं छातीठोक की मलाच क्षणभर खरं वाटलं. तुम्ही पुढे काही विचारलं नाही. कागदाच्या पाच पट्ट्या घेतल्या, एकेक कॅनमध्ये बुडवली आणि माझ्या नाकाशी धरली. मोगरा, चमेली, गुलाब, गवती चहा, लवंग. "एकदाच दाखवीन." आणि दुसऱ्या दिवशी उलट्यासुलट्या करून पुन्हा धरल्यात. मी पाची सांगितले, आणि गुलाबाला म्हटलं, "ह्याच्या शेजारी कुणीतरी रॉकेल ठेवलेलं." तुम्ही एका बाजूच्या ओठाने हसलात. तुम्ही दोन्ही बाजूंनी हसलेल्या मला आठवतच नाहीत.

तुमचे नियम ह्या पोरीला सांगितले तर ती म्हणते, आजी, हे सगळं आता मोबाईलवर असतं. असेल. कामावर गजरा नाही, पावडर नाही, तोंडात पान नाही. एक कॅन संपवून दुसरा उघडायच्या आधी हाताच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावायचं, स्वतःची कातडी हुंगायची. "आधी स्वतःच्या घरी जाऊन ये, मग दुसऱ्याच्या दारात जा," तुम्ही म्हणायच्या. मोगरा फक्त सकाळी. दुपारी मोगऱ्याचं झाकण कुणी उघडलं तर तुम्ही हातावर चापट मारायच्या. "मोगरा उघडला की बायका माहेरी जातात," असं म्हणायच्या, आणि खरंच जायच्या की हो. हात चालतोय, बाटली भरून वाहतेय, आणि बाई बसलीय कणकवलीला मामाच्या पडवीत. आणि तीन वाजता, डब्यातला भात पोटात जड झाला की, बुचं वाकडी बसायला लागायची, मापात चूक व्हायची. तेव्हा तुम्ही उठून गवती चहाचा कॅन उघडायच्या. कापडाची चिंधी बुडवून पंख्याच्या समोर टांगायच्या. बाई, काय व्हायचं ते. कुणीतरी तोंडावर पाणी मारल्यासारखं. पाठीचे कणे सरळ. कुजबुज थांबायची, मग कुणीतरी हसायचं, आणि हात असे चालायचे की सकाळी नसतील चालले. आणि आम्ही जरा सुखावलो की तुम्ही चिंधी काढून डब्यात बंद. आम्ही ओरडायचो, "राहू दे ना बाई, बरं वाटतंय." तुम्ही म्हणायच्या, "बरं वाटतंय म्हणूनच बंद. सारखा राहिला की नाकाला तो भिंतीसारखा होतो. भिंतीकडे कोण बघतं?"

हे मी ह्या पोरीला मागच्या महिन्यात सांगितलं. हिची परीक्षा होती आणि हिने खोलीत एक यंत्र लावलेलं, त्यातून दिवसभर लॅव्हेंडरची वाफ निघते. म्हणे लक्ष लागतं. लक्ष तर सोडाच, पुस्तकावर डोकं ठेवून घोरत होती. मी म्हटलं, "अगो, झोपेचा वास लावून जागी राहतेस होय? आणि दिवसभर कशाला? बसताना एकदा घे, मग बंद कर. आणि पेपरला जाताना तोच रुमालावर." हिने ऐकलं. गवती चहा घेतला. पास झाली की नाही ते ती लिहिणार नाही, निकाल लागायचा आहे. पण घोरणं बंद झालं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. आता हसतेय.

आता ते, जे सांगायला मला चाळीस वर्षं लागली. गाळ्यात एका थंडीत मला सर्दी झाली होती. नाक पार चोंदलेलं. मी कुणाला बोलले नाही, रोज बुडाला असता. कॅन सगळे सारखे, पत्र्याचे, रंगही एकच. प्रत्येकावर तुमच्या हातची चिठ्ठी. मी अंदाजाने चमेलीचा कॅन उचलला आणि केसांच्या तेलाच्या पिंपात ओतला, आणि तो निघाला लवंगेचा, सांधेदुखीच्या तेलात जातो तो. कुणी ते डोक्याला लावलं असतं तर टाळूवर निखारे. तुम्ही लांबूनच नाक वर केलंत, आलात, पिंपात वाकलात. सगळ्या बायका थांबल्या. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "नाक बंद होतं तर सांगायचं नाही? हात चालत होते, डोकं कुठे होतं?" मी मान खाली. मग हळूच म्हणालात, "आणि चिठ्ठी? चिठ्ठी वाचायला नाक लागतं का?" माझ्या तोंडात जे आलं ते मी बोलून गेले. "अक्षर पुसट होतं, बाई. लागलं नाही."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग शेठ आला, पिंप फुकट गेलं म्हणून त्याने जो गाळा डोक्यावर घेतला, आणि तुम्ही म्हणालात, "चिठ्ठी माझी पुसट होती. चूक माझी." तुम्हाला तो बायकांदेखत बोलला. तुम्ही ऐकून घेतलं. मी बुचांची टोपली घेऊन कोपऱ्यात, आणि माझं तोंड शिवलेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तर प्रत्येक कॅनच्या गळ्यात धागा. गुलाबाला लाल, गवती चहाला पिवळा, मोगऱ्याला पांढरा, चमेलीला निळा, निलगिरीला हिरवा, लवंगेला काळा. "माझे डोळे गेले," तुम्ही सगळ्यांना सांगितलं. "मलाच अक्षर दिसत नाही आता. धागा बघत जाऊ या." मला तुमची दया आली होती बाई, खरं सांगते. म्हटलं, बिचारीचे डोळे चालले. पुन्हा माझ्या हातून एकही कॅन चुकला नाही. आणि मी गाळा सोडला तेव्हा तुम्ही मला एक पत्र्याचा डबा दिलात, आत कापसात चार छोट्या बाटल्या. गुलाब, गवती चहा, निलगिरी, लवंग. चारींच्या गळ्यात धागे. "नाक गंजू देऊ नकोस," एवढंच बोललात आणि वळून दुसरीच्या बुचांवर ओरडायला लागलात.

तो डबा मी ह्या वर्षी माळ्यावरून काढला. बाटल्या कोरड्या ठणठणीत, पण धागे होते. मुलाने नाकाच्या डॉक्टरलाही दाखवलेलं, त्याने सांगितलं, रोज दोनदा चार वास हुंगा, येवो न येवो, आणि हुंगताना ती वस्तू मनात आणा. मी म्हटलं, हा तर आमच्या बाईंचाच धडा, ह्याने कुठून उचलला? नातीने नवं तेल आणून बाटल्या भरल्या. आणि मी बसले. सकाळ-संध्याकाळ. लाल धागा, नाकाशी, काही नाही. पिवळा, काही नाही. सून यायची, बघायची, जायची. तीन महिने काही नाही. चौथ्यात काळ्या धाग्याला नाकात जराशी टोचणी. मी कुणाला सांगितलं नाही. तुमच्या हाताखाली शिकले आहे, दोनदा तपासल्याशिवाय माल बाहेर काढत नाही.

आणि मग पंधरा दिवसांपूर्वीचा रविवार. सून ओट्याशी, मी बाहेर टीव्हीसमोर. मी एकदम म्हटलं, "दूध लागतंय." सून आतून म्हणाली, "नाही आई, मी इथेच उभी आहे." मी म्हटलं, "तू उभी आहेस, ते खाली लागतंय." तिने डाव घालून बघितलं. बुडाला तांबूस पापुद्रा. बाई, लोकांचं नाक परत येतं ते म्हणे फुलांनी येतं. माझं आलं करपलेल्या दुधाने. मी उठले आणि घरभर फिरले. सुनेच्या पदराला जिऱ्याचा वास. मुलाच्या शर्टाला ऑफिसच्या एसीचा, तो एसीला वास नसतो म्हणून वाद घालतो. गादीखाली जुन्या रजईचा. फ्रिजमध्ये अर्धा कांदा झाकण न घालता, तो कुणी ठेवला तेही मी नाव घेऊन सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळे कंटाळले. पण दुसऱ्या दिवशी हिंगाची फोडणी पडली आणि मी म्हटलं, साडेदहा. बघितलं तर साडेदहा. तिथे मी जरा रडले. लिही, रडले म्हणून, काय त्यात.

आज सकाळी ती तारीख होती. मुलाला मीटिंग, म्हणून नात आली. कुंडीतलं गवती चहाचं पान पदराच्या गाठीत बांधून नेलं. खुर्चीवर बसले, गाठ सोडली, पान चुरगळलं, एकदा खोल हुंगलं आणि गाठ बंद. मग कोपर नाकाशी. डॉक्टरीण बघतेय. मी म्हटलं, "विचारा आता." तीन शब्द दिले: आंबा, छत्री, किल्ली. ह्या वेळी मी शब्द धरलेच नाहीत, वास धरले. आंबा म्हणजे आंबा नाही, अढीतल्या पेंढ्याचा वास. छत्री म्हणजे मिटून दारामागे ठेवलेल्या ओल्या काळ्या कापडाचा. आणि किल्ली म्हणजे घामेजलेल्या मुठीतल्या लोखंडाचा. गाळ्याची किल्ली, तुम्ही मला उघडायला द्यायच्या ती. मग शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. मी पुढेही गेले असते, त्यांनीच थांबवलं. तीन शब्द विचारले, तिन्ही सांगितले, आणि वर सांगितलं की तुमच्या खोलीत काल कुणीतरी फिनेल जास्त घातलंय. डॉक्टरीण हसली. आणि मग तोच कागद सरकवला. "एक वाक्य लिहा."

माझ्या जिभेवर ते वाक्य आलंच होतं. चष्मा नाकावर होता, तरी आलं होतं. शेजारी ही पोर. पदरातून गवती चहा येतोय. आणि मी म्हटलं, "मला लिहिता-वाचता येत नाही, डॉक्टर. कधीच येत नव्हतं." आवाज माझाच होता, पण असा आला की जणू दुसऱ्या खोलीतून. नातीने माझा हात धरला. डॉक्टरीण म्हणाली, "आजी, हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत? न शिकलेल्यांना आम्ही वेगळं विचारतो. उगाच मार्क कापले तुमचे." मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोघीही शहाण्या." मग म्हणाल्या, मागच्या वेळी गोंधळ होता तो होता, नाक गेलं की काहींचं लक्षही उडतं, पण आता ठीक आहे, वयाच्या मानाने झकास. हुंगणं चालू ठेवा, सहा महिन्यांनी या. झकास हा त्यांचाच शब्द, मी घातलेला नाही.

खाली येऊन नातीने सुनेला फोन लावला, स्पीकरवर. सुनेने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कॉक उघडून दे आजीला. आई, दुपारचा चहा तुमचा तुम्ही करा. पण झाल्यावर मला मोबाईलवर आवाज पाठवा." म्हणजे बाईमाणूस ठेवायचा विषय संपला. मी म्हटलं, "आवाज कशाला, वास पाठवते."

आणि आता ही मघापासून टाइप करायची थांबली आहे. डबा तिच्या समोर उघडा आहे, बोटाने पिवळा धागा फिरवतेय. म्हणते, "आजी, त्या बाईंचे डोळे गेले होते ना?"

"हो. म्हणून तर धागे."

"मग पेपर कोण वाचायचं?"

"बाईच वाचायच्या. शेवटपर्यंत. चष्म्याशिवाय."

"बारीक जाहिरातींसकट?"

बाई, मी तो धागा तिच्या बोटातून सोडवून हातात घेतला. तिने पुढे काही विचारलं नाही, शहाणी आहे, एका बाजूच्या ओठाने हसली. चाळीस वर्षं झाली. धागे माझ्यासाठी होते. पिंपाच्या दुसऱ्याच दिवशी बांधलेले, आणि मी तुमच्या डोळ्यांची दया करत बसले. ह्या डब्यातल्या बाटल्यांना चिठ्ठ्या का नाहीत, तेही कधी मनात आलं नाही. ज्या बाई स्वतःच्या जेवणाच्या डब्याला चिठ्ठी लावायच्या, त्यांनी मला नुसते धागे दिले. नाक होतं, डोकं कुठे होतं?

तीन वाजत आलेत. शेगडी मीच पेटवली, काडीने, ते लायटर मला आवडत नाही. गवती चहाची दोन पानं उकळताहेत, आणि ह्या पोरीने मान वर केलीय, पाठ सरळ. दोन मिनिटं दरवळू देते, मग झाकण घालीन. ती विचारते, आजी, पत्ता काय घालू? मी म्हटलं, घालू नकोस, असू दे तुझ्या त्या यंत्रात. पण शेवटची एक ओळ लिही. सकाळी ते डॉक्टरणीला सांगितलं, ते आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, शेठ तुमच्यावर ओरडत होता तेव्हा. तुमचं अक्षर पुसट नव्हतं, बाई. ठसठशीत होतं. माझ्या शेजारी बसणारी ते दहा हातांवरून वाचायची, आणि मला तेव्हाही ते ठाऊक होतं.